छप्पर गळत होतं म्हणून

गल कोव्ह, न्यूफाउंडलंड
४ नोव्हेंबर १९९७

चि. लिएंडर यास थोरल्या बहिणीचे अ. उ. आ.

अल्बर्टात हाडं गोठतात म्हणून रडतोस. इथे कॉडची मासेमारी बंद झाल्यापासून अख्खं गाव गोठलंय, त्याचं काय? असो. तुझी मार्गरेट आणि दोन्ही पोरं इथे खुशाल आहेत.

मला शाळांच्या बोर्डानं सेंट जॉन्सला बोलावलं होतं, चांगल्या मुख्याध्यापकाचे गुण शिकवायला! एक टायवाले गृहस्थ दोन दिवस बोलले. दूरदृष्टी हवी म्हणे. मला दूरवर एवढंच दिसतं, की आणखी एक घर गाव सोडून गेलं की शाळा बंद. आपल्या आईनं जिथे जन्मभर शिकवलं, तिथे मी कुलूप लावायचं? जीव तुटतो रे.

माया आहे तशीच ठेव.
तुझी फिलोमिनाताई


फोर्ट मॅकमरे, २३ नोव्हेंबर

ती. ताईस लिएंडरचा शि. सा. न. वि. वि.

गुणांचं काय घेऊन बसलीस! ओरडणं हा गुण धरला तर तू पहिली येशील.

आता कामाचं. कंपनी घर देतेय. पोरांना आणावं म्हणतो, पण मार्गरेट ऐकत नाही. आपल्यापायी ताईंची शाळा बंद पडली तर ख्रिसमसला कुठल्या तोंडानं गावी जायचं, असं विचारते. तिचंही खरंच आहे. तू राहा म्हणालीस तर ती तिथेच राहतील. मी एकटा काढीन दिवस.

उत्तर लवकर धाड, रागावू नकोस.
तुझा लिएंडर


गल कोव्ह, ८ डिसेंबर

चि. लिएंडर यास अ. उ. आ.

घेऊन जा.

शुद्धलेखन सांगताना मी फळ्याकडे वळले की तुझ्या टेसची पेन्सिल थांबते. माझं तोंड दिसलं की पुन्हा चालते. सगळे म्हणतात पोर घुमी आहे. घुमी कसली, तिला ऐकू येत नाही रे! ओठ बघून बिचारी वेळ मारून नेते. नर्सनंही तपासलं. अशा मुलांना शिकवणाऱ्या बाई तुमच्याकडच्या शाळेत आहेत, मी फोन करून खात्री केली. मी तिला पहिल्या बाकावर बसवलं, याहून जास्त मला येत नाही.

मार्गरेटची समजूत मीच घातली. दोघी खूप रडलो. शाळेचं मी बघते, तू पोरीचं बघ.

सुखरूप पोचल्याचं कळव.
तुझी ताई


फोर्ट मॅकमरे, १ जुलै १९९८

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

टेसला कानाचं यंत्र मिळालं! रविवारी फोनवर तुझा आवाज तिनं पहिल्यांदा नीट ऐकला. नंतर मला विचारते, आत्याचा आवाज एवढा घोगरा आहे? आम्ही पोट धरून हसलो.

पण शाळा बंद झाल्याचं तिच्या कानावर गेलंय. आमच्यामुळेच ना, म्हणून सारखी विचारते. जेवत नाही. काय सांगू गं?

तुझ्या आशीर्वादाचा भुकेला,
लिएंडर


गल कोव्ह, १० जुलै

चि. लिएंडर यास अ. उ. आ.

सांग, छप्पर गळत होतं. खोटं नाही, आईच्या वेळेपासून गळतंय. आपण बादली ठेवत होतो. आत्यानं ठरवलं आणि बंद केली, असं सांग. पोरीच्या डोक्यावर हे ओझं नको. मुख्याध्यापक मी होते, ती नव्हे.

कुलूप बोर्डाचा माणूस लावत होता, मी लावू दिलं नाही. तुमचा फोन आला त्या रविवारच्या आदल्या शुक्रवारी मीच लावलं. मग घरी येऊन दोन दिवस नुसती रडले.

तेव्हा टेसला म्हणावं, आत्याचा आवाज घोगरा नाही. त्या रविवारी घसा बसला होता. आता बरा आहे. पुन्हा फोन लाव, पोरीला माझा खरा आवाज ऐकू दे.

वाट बघते.
तुझी फिलोमिनाताई