राहण्याची सोय

१४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. विमानतळावर रडलीस ते वाया गेलं, मी मजेत आहे. करारात लिहिल्याप्रमाणे शाळेने सुसज्ज घर दिलंय. म्हणजे दोन पलंग, एक टेबल, एक पातेलं आणि दोन बायका. दुसरी बाई गणिताची. रात्रभर घोरते आणि सकाळी मलाच घोरतेस म्हणून सांगते. पण भाडं नाही, डॉक्टर फुकट, वर्षातून एकदा घरी जाण्यायेण्याचं तिकीट. त्रेपन्नाव्या वर्षी परदेशात इंग्रजी शिकवायला निघाले म्हणून दादाने कपाळाला हात लावला होता, त्याला एवढं वाचून दाखव.

मुलं गोड आहेत. त्यांना माझं कळत नाही, मला त्यांचं, त्यामुळे भांडणाला वावच नाही.

दादाकडच्या माझ्या खोलीची खिडकी अधूनमधून उघडत जा, पुस्तकांना हवा लागू दे. शिलाई करताना डोळ्यांना जप.

लोभ आहेच, तो अंतराने आटू देऊ नकोस.

तुझी,
धाकटी


३ ऑगस्ट

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र दादाला वाचून दाखवलं. तो 'हं' म्हणाला. त्याच्या मानाने ते भाषणच झालं. डॉक्टर फुकट आहे तर आधी दात दाखव. किती वर्षं एकाच बाजूने चावते आहेस. फुकट मिळेल त्याला लाजायचं हे आईने तुला शिकवलं, मला नाही.

दुकानात शाळेच्या गणवेशांचं काम आलंय, मशीनला उसंत नाही. दादाच्या मुलाचं लग्न साधेपणाने उरकलं. सून हसरी आहे.

तुझी पुस्तकं मी माझ्याकडे आणून ठेवलीत. तिकडे भिंतीला ओल आली होती. गादीही आणली. आणि पंखाही. ओल फारच वाढत होती.

जेवत जा, आणि आठवण असू दे.

तुझी,
ताई


१९ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

एक दात काढला, एक भरला. आता दोन्हीकडून चावते. तुझं ऐकलं, पावती दे.

ताई, भिंतीची ओल छतावरच्या पंख्यापर्यंत चढलेली मी तरी पाहिली नाही. नव्या जोडप्याला खोली लागणारच. मला विचारलं असतं तर मीच रिकामी करून दिली असती. विचारलं नाही, तेवढंच लागलं. परवा वर्गात 'हे माझं घर' हा धडा होता. मुलांनी आपापली घरं काढली. एका मुलीने खडू माझ्या हातात दिला आणि फळ्याकडे बोट केलं. मी ही शाळेचीच इमारत काढली.

मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलंय, की आणखी दोन वर्षं राहशील का. राहिले तर वेगळं घर, लहान पण एकटीचं. नाहीतर वर्ष संपलं की परतीचं तिकीट. सुट्टीत तुमच्याकडे येणार होते, पण आता बॅग नेऊन ठेवायची कुठे, ते सुचत नाही.

उत्तर लवकर धाड. माया आहेच.

तुझी,
धाकटी


७ नोव्हेंबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

बॅग माझ्याकडे ठेवशील, दुसरीकडे कुठे? खोलीचं मुद्दामच लपवलं. कळलं असतं तर तू पहिल्या विमानाने येऊन भांडली असतीस, खोली जिंकली असतीस आणि जन्मभर पुन्हा तिच्यातच बसली असतीस. मला ते नको होतं. दादाला मात्र चांगलं सुनावलं. तो मान खाली घालून म्हणाला, की तिला कुठल्या तोंडाने लिहू.

सही कर. संध्याकाळी दुकान बंद केलं की तुला काहीतरी सांगायला वळते आणि तू नसतेस, हे खरं आहे. पण एवढ्यासाठी परत येऊ नकोस.

बरी राहा.

तुझी,
ताई


२ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सही केली. घर मिळालं: एक खोली, स्वयंपाकाचा ओटा, आणि बाल्कनी म्हणायला लाजावं एवढी बाल्कनी. कुटुंब असणाऱ्यांना मोठं देतात. मी तुझं नाव सांगितलं, तर कार्यालयातल्या कारकुनाने विचारलं, की बहीण तुमच्यावर अवलंबून आहे का. हो म्हणायचा मोह झाला, पण तुझा चेहरा डोळ्यांपुढे आला. म्हटलं, ती नवऱ्यामागे एकटीने दुकान चालवते, कोणावर अवलंबून नाही. तो म्हणाला, मग मोठं घर विसरा.

मात्र सुट्टीचं तिकीट मी सोडलं तर बहिणीच्या नावे करता येतं. मी सोडलं. तुम्हाला घरी जायचं नाही का, असं त्याने पुन्हा पुन्हा विचारलं. मी सांगितलं, की घरचं माणूसच इकडे बोलावते आहे.

नाही म्हणू नकोस.

तुझी,
धाकटी


२० डिसेंबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

दुकानाला महिनाभर कुलूप लावणार, अशी पाटी लावली. गिऱ्हाइकं कुरकुरली, मी आतून खूश झाले. विमानात खिडकीजवळ बसायचं कोणाला सांगावं लागतं ते कळव. दादा सोडायला येणार आहे. तुला पत्र लिहायला म्हणून तो दोन दिवस कागद घेऊन बसलाय. 'चि. धाकटीस' एवढं झालंय. झालं तेवढं घेऊन येईन.

एक काम तेवढं कर. आधी आईवडिलांचं घर, मग दादाचं. तुझं नाव लावलेलं दार मी आजवर पाहिलेलं नाही. मी येण्याआधी दारावर पाटी लावून घे. ठळक अक्षरांत लाव, मला चष्म्याशिवाय वाचायची आहे.

तुझी,
ताई