बाळंतिणीच्या खोलीतली नळी

लोणावळा,
१२ ऑक्टोबर १९७२

प्रिय बाज्यास,
दत्तूचा नमस्कार. तुझी तार पोचली. आपली रेषा तुझ्या दुर्बिणीला ताऱ्यांमधल्या ढगात सापडली, नवा रेणू म्हणून तू ती मासिकात जाहीरही केलीस. आपली आई मळवलीत घरोघर सांगून आली. तुझी तिकडची नोकरी आता कायम होणार, हेही तिनेच ठरवून टाकलं.

आमचं बरं चाललंय. पोरगी बाळसं धरतेय. येसू हिंडूफिरू लागली. भात लोंबीला आलाय, प्रयोगशाळेचं छप्पर अजून गळतंय. आणखी काय लिहू?

लिहायलाच हवं. ज्या काचेच्या नळीत वायू भरून मी त्याची रेषा, म्हणजे रेडिओ लहरींतली त्याची खूण, मोजतो, ती जुलैत काही केल्या कोरडी होईना. सगळ्यालाच बुरशी चढली होती. वैतागून नळी घरी आणली. आई म्हणाली, "बाळंतिणीच्या खोलीत ठेव की. तितंच कोरडं हाय." मलाही पटलं, आपल्याकडे पावसाळ्यात सगळं तिथंच सुकतं. खाटेखाली शेगडी, दोन्ही वेळा ओवा-शेपांची धुरी. नळीची तोंडं उघडी. मी मूर्ख, नुसती पुसून परत नेली, आपला वायू भरला आणि मिळालेली रेषा तुला कळवली.

गेल्या आठवड्यात नळी तापवून नीट साफ केली. तोच वायू पुन्हा भरला, तर रेषा गेली. मग तिच्यात मेथॅनॉल सोडलं, लाकूडफाटा, ओवा जळताना धुरात येतं ते. रेषा जागच्या जागी हजर. तुला ढगात दिसलं तेही मेथॅनॉलच, आणि ते दुसऱ्यांना दोन वर्षांपूर्वीच सापडलंय, फक्त त्याची ही रेषा कुणाच्या यादीत नव्हती. आपलं त्यात काही नाही रे. फार वाईट वाटतं.

आईला सांगायची हिंमत झाली नाही. येसूला सांगितलं. ती म्हणाली, "आधी भाऊजींना कळवा."

तेवढंच केलं नाही. तुला विचारलं असतं, तर नोकरीचा कागद हाती पडेपर्यंत थांब म्हणाला असतास. आणि मी थांबलो असतो. म्हणून चूक झाल्याचं मासिकाला परवाच तारेने कळवलं, तुला आज लिहितोय. हे तुझ्या हाती पडेल तेव्हा तिकडे सगळ्यांना कळलेलं असेल, तुझ्या साहेबांनासुद्धा.

उत्तराची वाट बघायचा हक्क मला उरलेला नाही.

तुझा म्हणवत नाही,
दत्तू