डोंगराईचा नकार

३ फेब्रुवारी, मंगळवार
संपादकांचा फोन. नावडे गावामागच्या टेकडीवर जा. एक कंपनी उतारावर सौर पॅनेल लावणार, माथ्यावर पर्यटकांसाठी काचेची गॅलरी — तिकीट काढून सूर्योदय पाहायचा. एम.ए.ला संस्कृत घेतल्यापासून सूर्याच्या बातम्या माझ्याकडेच येतात.

माथ्यावर डोंगराईचं देऊळ, टेकडीही देवळाच्याच मालकीची. उतारावर काशीवहिनींच्या बकऱ्या. दुसरं कुरण उरलेलंच नाही, बाकी सगळी कॉलनी. "बकऱ्या काय काचंवर चारू?" वहिनींनी विचारलं. कंपनीच्या सुधीरसाहेबांनी त्यांच्या हातात माहितीपत्रक ठेवलं.

६ फेब्रुवारी
देवळाचे विश्वस्त गोटीरामशेठ म्हणाले, "परवानगी देनारे आमी कोन? आईला कौल लावू." म्हणजे मूर्तीला फूल चिकटवायचं. उजवीकडे पडलं तर हो, डावीकडे तर नाही. साहेब खूश. सरकारी मंजुरीपेक्षा फूल बरं! आईला लगेच एक सोलर पंखा अर्पण केला.

१० फेब्रुवारी, मंगळवार
कौल. गाभाऱ्यात ही गर्दी. साहेब घामाघूम — त्यांनीच पंखा सुरू केला. फूल डावीकडे. पडलं नाही, उडालं.
"वाऱ्यानं गेलं हो! परत लावा."
"आई एकदाच बोलते," गोटीरामशेठ म्हणाले. "आनि वारा तुमचाच हाय."
काशीवहिनींनी हसू पदरात दाबलं. साहेबांनी माहितीपत्रकं गोळा केली.

११ फेब्रुवारी
बातमी छापून आली. मथळा माझा — 'कंपनीला नाही म्हणणारी देवी'. मीना म्हणाली, "संस्कृतातून बाहेर आलात की बरं लिहिता." पंचवीस वर्षांच्या संसारातली ही पहिली अनुकूल समीक्षा.

२२ फेब्रुवारी, रविवार
टेकडी चढायला जागा नाही. बातमी मोबाइलवरून कुठवर गेली कोण जाणे. ऐरोलीच्या गाड्या, ठाण्याच्या गाड्या. जो तो आपला प्रश्न घेऊन आलेला — फ्लॅट घ्यावा का, नोकरी सोडावी का. आधी सेल्फी, मग कौल. उतार सपाट करून गोटीरामशेठांनी पार्किंग काढलंय. शेजारी मिसळीची टपरी.
म्हटलं, "शेठ, आईला पर्यटन नको होतं ना?"
"हे पर्यटन नाय. दर्शन हाय."
व्याख्या निर्दोष. आमच्या न्यायशास्त्राच्या गुरुजींनाही खोट काढता आली नसती.

७ मार्च
काशीवहिनींचा फोन. बकऱ्या विकल्या. आवाजात राग नव्हता.
"भाऊ, पॅनेलखाली गवत तरी उगवलं असतं."