दादाची भाऊबीज

दादाकडे भाऊबीजेला सांगलीला चालले आहे. आमटीभात झाकून ठेवलाय. मामंजींना तुम्हीच भरवा, मोडलेला हात हलू देऊ नका.

दादानं विकलेली जुनी मोटार घाटात दगा देऊन गेली, मामंजींचा हात मोडला, तरी माझा सख्खा भाऊ म्हणून तुम्ही चकार शब्द काढला नाहीत. परवा मिस्त्रीनं गिअरबॉक्स उघडला, तेव्हा खडखड दडवायला आत ठासलेला लाकडाचा भुसा मीही पाहिला. गिऱ्हाइकांना फसवतोच, बहिणीलाही सोडलं नाही मेल्यानं! तो भुसा फराळाच्या डब्यातून नेते आहे. मोटार माझ्या पाटल्या मोडून माझ्या नावावर घेतलेली, तेव्हा फिर्यादही मीच करणार. वकिलांनी नोटीस लिहून दिली आहे.

दादाला पाटावर बसवून नीट ओवाळीन. ओवाळणी घालायला त्यानं हात पुढे केला, की त्याच हातात नोटीस ठेवीन.

शरयू