मंगळासाठी आईचा होकार

उज्जैन, मंगळवार, १० जून २०२५

चि. अश्लेषा हिस,

अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि. तुमच्या लडाखच्या शिबिरात मोबाईल काढून घेतात हे बरं झालं, त्या निमित्ताने तुझं अक्षर तरी दिसलं. मजकूर मात्र पटला नाही. मंगळावर माणसं पाठवायची, त्याच्या सरावासाठी डोंगरात बंद घर बांधलंय, आणि त्यात वर्षभर कोंडून घ्यायला तू नाव दिलंस. वर आईवडील दोघांचा हाताने लिहिलेला होकार हवा. बाबांनी तुझं पत्र पुरतं वाचायच्या आत लिहून टाकला. त्यांचं काय, लहानपणी तू पाण्याच्या टाकीवर चढलीस तेव्हाही खाली उभे राहून टाळ्या वाजवत होते.

मी मॅट्रिकच, पण घरखर्च मांडते म्हणून सांगते. यंत्र पाठवलं तर त्याला डबा नको, हवा नको, परत आणायला नको. माणूस पाठवणं परवडत नाही गं.

आज मंगळनाथाला भातपूजा करून आले. मंगळ जन्मला इथेच, तेव्हा त्याच्याच कानावर घातलं की माझ्या पोरीला बोलावू नकोस. तुझी निवड होत नाही, बघच.

कळावे. लोभ आहेच, त्यात थोडा राग मिसळलाय.

तुझी आई

लडाख, १८ जून

ती. सौ. आईस,

सा. न. वि. वि. अगं, निवड झाली, आणि पहिलं नाव माझंच. आनंदाने नाचले तर धाप लागली, इथे हवाच विरळ. पूजेत नक्की मागितलंस काय?

यंत्राचा हिशोब मान्य. पण मग तू भाजी फोनवरून का मागवत नाहीस? भेंडीचं टोक मोडून पाहिल्याशिवाय तुला चैन पडत नाही. तुला लांबून पाहूनच भाजीवाला ठेला पुढे ढकलतो. तिथल्या दगडालाही कुणीतरी असं हाताने मोडून बघायला हवं ना?

आता तुझाच होकार राहिलाय. महिनाअखेरपर्यंत नाही आला तर माझ्या जागी यादीतला दुसरा, केदार जाईल. तो आतापासूनच मला प्रेमाने चहा आणून देतोय.

बाबांना नमस्कार. राग गाळून उरलेला लोभ पाठव.

तुझी अश्लेषा

उज्जैन, २४ जून

चि. अश्लेषास,

अ. उ. आ. पूजेचं ऐकून हसू नकोस. तिथे सगळे मुलांच्या लग्नासाठीच येतात. बेटीची शादी अटकली आहे का, असं गुरुजींनी मोठ्याने विचारलं. मागे एवढी लाईन, त्यात खरं कारण काय सांगणार? मी मान हलवली. त्यांनी खणखणीत संकल्प सोडला की अश्लेषाच्या वाटेतले सगळे अडथळे दूर होवोत. देवाने गुरुजींचं ऐकलं, माझं मनातलं मनातच राहिलं. बाबा आपल्या फ्रीगंज मोहल्लाभर हे सांगत फिरतायत. जावई कोण असं कुणी विचारलं की वर बोट दाखवतात.

भेंडीचं म्हणणं पटलं. दोन दिवस चिडले होते, मग ठेल्यापाशीच हसू फुटलं. भाजीवाला घाबरला. पण तुमच्या साहेबांना माझ्या नावाने सांग, यंत्र तिथे पडून राहिलं तरी चालेल, माणूस पाठवायचा तर परतीची सोय आधी.

होकारासाठी वेगळा कागद घेतला नाही, याचीच मागची बाजू कोरी आहे. जपून राहा, माझा लोभ तिथवर पोचतो.

तुझी आई

(मागे)

मुलगी अश्लेषा हिला मंगळाच्या सरावाला पाठवण्यास माझा होकार आहे. खऱ्या मंगळावर पाठवायचं झालं तर पुन्हा विचारावं. मी आधी नाहीच म्हणेन, पण विचारावं.

सौ. सुमन प्रकाश पागनीस