दिव्याचं जनावर

शिरोडा,
३ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. दीपिका हिस,
अ. उ. आ.

दिव्या सुखरूप आहे, हे आधी लिहितो. शेजारच्या लिलियन टीचरने शनिवारी तुला थोडक्यात सांगितलंच आहे. मला फोनवर बोलणं जमलं नाही. तुझा आवाज फोनवर थेट तुझ्या आईसारखा येतो आणि पुढचे शब्द सुचत नाहीत.

शनिवारी दुपारी जेवून मी पडवीत बसलो होतो. आई गेल्यापासून, म्हणजे हे सहा महिने, दुपारी मला नीट झोपही लागत नाही आणि नीट जागही नसते. समुद्राचा आवाज घरात येतो. पूर्वीही येत असेल, मी ऐकला नव्हता. आत भांडं वाजल्यासारखं होतं आणि तुझी आई आत आहे असं क्षणभर धरून मी तसाच बसून राहतो. दिव्या काजूखाली खेळत होती. ती आली आणि अगदी शांतपणे म्हणाली, की आजोबा, मला जनावर चावलं.

आपल्याकडे सापाचं नाव कोण घेतो? जनावरच म्हणतात. तिच्या घोट्यावर दोन लाल ठिपके होते. मी पुढे काही विचारलं नाही. तिला उचललं, लिलियनने गाडी काढली आणि आम्ही दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी तिलाच विचारलं, की जनावर केवढं होतं. तिने फ्रॉकच्या खिशातून काढून दाखवलं. लाल मुंगी, आपला हुमला. चुरगळलेला.

बाई हसल्या नाहीत. ओठ, डोळे, श्वास बघितला, तासभर बसवून ठेवलं आणि घरी पाठवलं. लिलियन मात्र परतताना इन्सुलीच्या नाक्यापर्यंत ऐकू जाईल इतकी हसली. म्हणाली, की गुरुदास रे, तुझा तोंड बघून माका वाटला, जनावर तुकाच चावला.

मी हसलो नाही. तुझी आई गेली त्या दिवशी दमल्यासारखं होतंय म्हणाली, तेव्हा मी तिला लिंबू सरबत दिलं आणि पेपर वाचत बसलो. आता मुंगी चावली तर साप समजलो. दोन्ही वेळा मला कळलं नाही. साडेचार वर्षांची मुलगी अशा माणसाकडे ठेवू नये. तुझं प्रशिक्षण मेअखेरपर्यंत आहे आणि विनीतराव बोटीवर आहेत, हे ठाऊक आहे. तरी तू तिला घेऊन जा.

कळावे. माझ्यावर रागावलीस तरी लोभ ठेव.
तुझे,
बाबा

पुणे,
८ फेब्रुवारी २०२५

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

पत्र कॅन्टीनमध्ये उभ्यानेच वाचलं. आधी खुलासा. जनावर हा शब्द विनीतचा. मुंगीला मारायचं नाही, तेही एक छोटंसं जनावरच, असं तो तिला सांगत असतो. इथे पुण्यात जनावर म्हणजे म्हैस. शिरोड्यात त्याचा अर्थ काय, ते मी, तिथलीच मुलगी, तिला सांगायला विसरले. तेव्हा चूक जावयाची. मी त्याला कळवलं. बोट कुठल्या समुद्रात आहे कोण जाणे, पण कान पकडल्याचा फोटो लगेच आला.

डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलेला कागद लिलियन टीचरनी मला फोनवर वाचून दाखवला. चावलेली जागा साबणाने धुवायची, गार पाण्यात पिळलेला फडका दहा मिनिटं ठेवायचा, मग कॅलामाइन लोशन. नखं कापा, खाजवून जखम व्हायला नको. लाली पसरली, पू झाला किंवा ताप आला, तर परत दाखवायचं. चुना नको, रॉकेल नको. शेजारचे भिकाजीकाका सुचवतीलच. आणि तोंड सुजलं, धाप लागली, उलट्या झाल्या, तर मला न विचारता परवासारखंच धावा.

बाबा, तुम्ही आईचं लिहिलंत म्हणून लिहिते. त्या दिवशी सकाळी तिने मला फोन केला होता. तेव्हाही दमल्यासारखं होतंय म्हणाली. मी तिला जरा पड म्हटलं आणि मीटिंगला गेले. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. विनीतलासुद्धा.

दिव्याला न्यायला मी येईन. प्रशिक्षण सोडावं लागेल, ते माझं मी बघेन. पण घेऊन जा, असं तुम्ही पुन्हा एकदा लिहा. मगच गाडीत बसेन.

लोभ आहे तो राहू दे, उत्तर मात्र लवकर पाठवा.
तुमची,
दीपू

शिरोडा,
१५ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. दीपिका हिस,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. आईबद्दल लिहिलंस ते दोनदा वाचलं. तिचं तुझ्याशी काय बोलणं झालं, हे मी तुला तेव्हाच विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही.

भिकाजी चुन्याची डबी घेऊन आलाच. दिव्याने त्याला सांगितलं, की तुमच्या पानाक लावा. पोरगी मालवणी बोलली म्हणून तो न रागावता उलट खूश झाला, की चेडू गावचा झाला.

पहिले तीन दिवस खाज फार होती. दुपारी ती माझ्या मांडीवर पाय टाकून पडायची आणि मी फडका बदलत राहायचो. दहा मिनिटं म्हणजे किती, असं विचारत होती. घड्याळ तिला कळत नाही. मग आम्ही लाटा मोजल्या. साठ-सत्तर होतात. चाळिसाच्या आसपास ती झोपायची, आणि हळू बोलत मी एकटाच पुढे मोजायचो. एकदा दोनशेच्या पुढे गेलो. ऊन अंगणातून उतरून माडांखाली गेलं होतं. पाय गार होता, श्वास नीट चालला होता. ते बघत किती वेळ बसलो, कळलं नाही.

आता डाग उरलेत, खाज नाही.

तू पुन्हा लिहायला सांगितलेलं वाक्य मी लिहीत नाही. काल तिला अंगणवाडीत नाव घालायला घेऊन गेलो. बाईंनी वही उघडून विचारलं, की मुलीची जबाबदारी कोणाची लिहू, आईची की वडिलांची. मी माझं नाव सांगितलं. आवाज जरा चढला असावा. सगळी मुलं खिचडी खायची थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली.

प्रशिक्षण पुरं कर. लोभ आहेच, तो वाढू दे.
तुझे,
बाबा