ढगावरचा नाग आणि त्याचे अडतीस सोबती

मी, हन्ना कृपादान साळवे, वय वर्षे सदुसष्ट, धर्म ख्रिस्ती, धंदा पूर्वी मुलींच्या शाळेत चित्रकला व शिवणकाम शिकवणे आणि आता कोणालाही काहीही न शिकवणे, राहणार केडगाव, तालुका व जिल्हा अहमदनगर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाखाली न येता, स्वतःच्या अकलेने व स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून ठेवते. येत्या सोमवारी माझ्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढणार आहेत. यात जिवाला धोका नाही असे डॉक्टर म्हणाले. मात्र ते तीनदा म्हणाले, म्हणून लिहायला बसले आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. पुरावा म्हणून नमूद करते की कालच मी अंगठ्याएवढ्या एका म्हाताऱ्याच्या दोन्ही भुवया केवळ डाव्या डोळ्याच्या भरवशावर रंगवल्या, आणि त्या सारख्या आल्या.

यापूर्वीचे माझे कोणतेही मृत्युपत्र नाही. सन १९६८ मध्ये रागाच्या भरात वाण्याच्या वहीमागे जे लिहिले होते ते रद्द समजावे.

कलम १. केडगाव येथील दोन खोल्या, ओटा व मागचे पेरूचे झाड माझी भाची मरियम हिला द्यावे. उत्तरेकडच्या खिडकीला पडदा लावू नये, रंगकामाला तोच उजेड चांगला. मरियमचे वडील, म्हणजे माझे बंधू शांतवन, यांनी या घरात सलग दोन रात्रींपेक्षा जास्त मुक्काम करू नये. कारण त्यांना ठाऊक आहे व पुढे येईल.

कलम २. पोस्टात जे काही असेल त्यातून माझी माती करावी आणि उरेल ते मरियमने ठेवावे. थडग्यावर फक्त नाव व सनावळी असावी. अक्षरे सहादेव पेंटर यांच्याकडून काढून घेण्यास हरकत नाही, पण ऱ्हस्व-दीर्घ दुसऱ्या कोणीतरी तपासावे.

कलम ३. भिंतीवरचे घड्याळ बंधू शांतवन यांस. ते रोज वीस मिनिटे मागे पडते. बंधू दर रविवारी मिरजगावच्या मंडळीपुढे बोलतात, ते उशिरा पोचले तर मंडळीची वीस मिनिटे तरी वाचतील.

कलम ४. आता मुख्य मिळकत, म्हणजे लाकडी पेटी. ती माझ्याकडे कशी आली हे लिहिल्याशिवाय पुढचे कोणाला कळणार नाही.

सन १९५१ मध्ये चीनमध्ये वीस वर्षे काढलेल्या एक मिसबाई आमच्या शाळेवर आल्या. त्यांच्यासोबत ही पेटी होती. आत घडीचा पट आणि शिशाची चाळीस माणसे, प्रत्येक अंगठ्याएवढे. माणसे म्हणायचे इतकेच. वीस जण डोंगराकडचे: बगळ्यावर बसलेले म्हातारे, चिलखतातले कासव, कोल्हीची शेपटी लपवणारी एक बाई. वीस जण समुद्राकडचे, आणि त्यांचा राजा म्हणजे चार पायांचा, मिशा असलेला, ढगावर बसलेला नाग. मिसबाई त्याला ड्रॅगन म्हणत. बोटीत खारे पाणी शिरल्याने सगळ्यांचे रंग उडाले होते. बाईंनी मला ती रंगवायला सांगितली. रंग त्या तोंडी सांगत. म्हाताऱ्यांचा झगा अमुक एका फळासारखा, असे त्या म्हणाल्या. ते फळ मी पाहिलेले नव्हते, म्हणून मी टोमॅटो धरून चालले.

खेळाचे नियम चिनी लिपीत होते. बाईंनी अर्ध्या नियमांचे मराठी करून दिले आणि १९५४ मध्ये त्या कायमच्या मायदेशी गेल्या. त्यांच्या वहीतले शेवटचे वाक्य असे आहे: “नाग ढगावर बसला असता त्यास मागे”. पुढे कोरे पान. मागे जाता येते की येत नाही, हे मला आजतागायत कळलेले नाही.

मी प्रत्येक माणूस दोऱ्याच्या रिळावर मेणाने चिकटवी, पांढऱ्या सफेद्याचा हात देई आणि मग रंगवी. पण डोळ्यांना लागेल इतका बारीक कुंचला नगरात मिळेना. तेव्हा पुणे रस्त्यावर दुकानांच्या पाट्या आणि ट्रक रंगवणारे सहादेव पेंटर यांच्याकडे गेले. त्यांनी कासव हातात घेतले, उन्हात धरले आणि म्हणाले, “बाई, ह्याला डोळे काढायचे म्हंजे मुंगीला काजळ घालायचं काम हाय.” तरी त्यांनी खारीच्या शेपटीचे सात केस बांधून मला कुंचला करून दिला, आणि हे सगळे कशासाठी ते विचारले. तेव्हापासून दर शनिवारी दुपारी आमच्या ओट्यावर डाव मांडला जाऊ लागला. त्यांच्या मंडळी छबूबाई शेंगा सोलत बसत आणि दोन्ही सैन्यांना सल्ला देत. उरलेले अर्धे नियम आम्ही तिघांनी केले. कासवाने रस्त्यात बगळा भेटल्यास वाट द्यावी, हा नियम छबूबाईंचा आहे.

कलम ५. हे कलम कोल्हीणबाईविषयी. १९६२ च्या थंडीत चीनशी लढाई चालू असताना, माझ्या घरी चिनी सैन्य आहे अशी खबर कोणीतरी दिली. कोणी ते मी लिहीत नाही, पण आदल्या रविवारी बंधू शांतवन येऊन गेले होते आणि या बाहुल्या म्हणजे मूर्तिपूजा आहे, वितळवून मासे धरायच्या जाळ्याची वजने करा, असे सांगून गेले होते. जमादार गहिनीनाथ दोन शिपाई घेऊन आले. त्यांनी पंचनामा केला: “चिनी फौज, नग चाळीस, उंची प्रत्येकी दोन इंच, हत्यारबंद.” सहादेव पेंटर मला वाचवण्यासाठी पुढे झाले आणि हे ख्रिस्ती लोकांचे देव आहेत असे त्यांनी शपथेवर सांगितले. मला खोटे चालत नाही. मी म्हटले, आमचे असे देव नाहीत. त्यामुळे फौज तीन आठवडे चौकीत राहिली.

परत आली तेव्हा एकोणचाळीस होती. कोल्हीणबाई नव्हती. दोन वर्षांनी जमादारांच्या घरी हळदीकुंकवाला छबूबाई गेल्या, तेव्हा ती त्यांच्या देव्हाऱ्यात दिसली. अंगावर हळद, कपाळाला कुंकू, शेपटीसकट. जमादारांच्या सुनेला मूल होत नव्हते ते तिच्या पायगुणाने झाले असे त्या घरचे मानतात. ती तिथेच राहावी. तिच्यावरचा माझा हक्क मी सोडते. फक्त तिच्या साडीचा जांभळा रंग मी अकरा दिवसांत लावला होता, तो तेलाने पुसू नये.

कलम ६. माझे कुंचले माझ्या जागी आलेल्या चित्रकलेच्या बाईंना द्यावेत. आकाश नेहमी निळेच असते असे त्या मुलींना शिकवतात. कुंचले पाहून तरी त्यांना संशय यावा.

कलम ७. नागाविषयी. हा रंगवायला मला चौदा महिने लागले. एकेक खवला वेगळा. मानेकडे हिरवा, शेपटीकडे कपड्यांची नीळ घातलेला निळा. सन १९६८ मध्ये मी भावजयीच्या आजारपणासाठी दहा दिवस मिरजगावला गेले आणि झाडांना पाणी घालायला किल्ली छबूबाईंकडे दिली. परत आले तर नाग लालभडक. ट्रकचा ऑइलपेंट. पोटाला पिवळी पट्टी, कपाळावर लिंबू-मिरची, आणि शेपटीवर “हॉर्न ओके प्लिज”. लि ऱ्हस्व.

सहादेव पेंटर म्हणाले, मला तो असा बरा वाटला. एवढेच म्हणाले. मी त्या दिवसापासून त्यांच्याशी बोलले नाही. त्यांनीही हट्टाने बोलणे सोडले. शनिवार मात्र चुकला नाही. दोन फुटांच्या पटावर समोरासमोर बसून आम्ही पाच वर्षे छबूबाईंमार्फत खेळलो. “बाई म्हंत्यात, तुमचं कासव उचला” असे त्या नवऱ्याला सांगत, आणि तो दोन फुटांवरून ऐकत असे. छबूबाईंनी यात फार सोसले. म्हणून पट, नाग व त्याचे अडतीस सोबती, दोन्ही सैन्ये न फोडता, माझ्या मागे सहादेव पेंटर व छबूबाई यांस मिळावेत. क्षमा म्हणून नाही. त्यांच्याशिवाय कोणालाही नियम माहीत नाहीत.

कलम ८. हे कलम मूळ विचारात नव्हते. आजच, सह्यांच्या वेळी लिहावे लागत आहे.

साक्षीसाठी मी आमच्या निवृत्त मुख्याध्यापिका रंगुबाई आणि सहादेव पेंटर यांना बोलावले होते. छबूबाई आपण होऊन आल्या. नगरचे कुलथे वकील यांनी कागद वाचला आणि चष्मा काढून सांगितले की ख्रिस्ती माणसाच्या मृत्युपत्रावर जो साक्ष घालतो, त्याला त्यातून काही मिळत नाही. त्याच्या बायकोलाही नाही. सही करा नाहीतर फौज घ्या.

 सहादेव पेंटर पाच वर्षांत पहिल्यांदा थेट माझ्याकडे पाहून म्हणाले, “बाई, मला नाग नको. मी सही करतो. आणि सोमवारी दवाखान्यात मी संगं येतो.”

मी उत्तर देणार, एवढ्यात छबूबाई रडायला लागल्या. वकिलांना वाटले, फौज गेली म्हणून. त्या म्हणाल्या, “बाई, नाग माझ्या हातून पडला हुता. धूळ पुसताना. समदा रंग निघाला त्याचा, मिशी बी वाकली. मी लई भ्याले. ह्यांनी एका दुपारीत रंगवला आन म्हनले, बाईंना सांगू न्हाई, माझ्यावर येऊ दे.”

मी सहादेव पेंटरांना विचारले की हे खरे आहे काय. ते म्हणाले, “तुमच्यासारखं खवलं मला जमलं नसतं. म्हनून निदान ट्रकसारखा तरी नीट केला.”

वकिलांनी पाणी मागितले. मला थोडा वेळ काही लिहिता येईना, डोळ्यांना त्रास होत होता, उजव्याला आणि डाव्यालाही.

नंतर मी वकिलांना विचारले की मी जिवंत असताना हाताने एखादी वस्तू दिली तर कायद्याची काही हरकत आहे काय. ते म्हणाले, मुळीच नाही. मी उठले, पेटी आणली आणि छबूबाईंच्या ओटीत ठेवली. सबब कलम ७ मधील वस्तू आता माझ्या मिळकतीत नाहीत आणि ते कलम रद्द झाले आहे. सहादेव पेंटर सही करण्यास मोकळे आहेत. नागाचा रंग कोणीही बदलू नये. छबूबाईंनी लगेच पट मांडला आणि नाग मागे जाऊ शकतो असे जाहीर केले. वकील म्हणाले, त्यांना ते पटते.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, तो माझ्या मनासारखा आहे. दोन्ही साक्षीदारांनी माझ्या समक्ष व मी त्यांच्या समक्ष सही केली. या कागदावर फार खाडाखोड नाही. एक डाग आहे तो चहाचा आहे.

सही: हन्ना कृपादान साळवे

साक्षीदार
१. रंगुबाई यशवंत भिंगारदिवे, निवृत्त मुख्याध्यापिका, केडगाव
२. सहादेव पुंजाराम गोरे, पेंटर, पुणे रस्ता, केडगाव

(साक्षीदार क्रमांक दोन यांनी आपल्या सहीच्या प्रत्येक अक्षराला निळी सावली व भोवती वेलबुट्टी काढण्यास पाऊण तास घेतला. तोवर वकील समुद्राच्या बाजूने खेळून दोन डाव हरले.)

ठिकाण: केडगाव
दिनांक: १७ मार्च १९७३